कानामागचा ठिपका

११ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मिळालं. आम्ही इकडे बरे आहोत, तूही बरीच असशील असं धरून चालते. घरात फोन असताना पत्रं कसली लिहिता दोघी, असं हे परत विचारत होते. मी म्हटलं, फोनवर ती मला बोलूच देत नाही, कागदावर निदान माझं वाक्य पुरं होतं. हे हसले आणि म्हणाले, "म्हणजे तूही कुणापुढे गप्प बसतेस तर." घे, तुझी कीर्ती इथवर पोचली आहे.

ह्यांचं काम जोरात चालू आहे. परवा एका इमारतीत लिफ्ट बंद पडली म्हणून गेले आणि दुरुस्त करता करता स्वतःच आत अडकले. बाहेरून सगळे रहिवासी त्यांना सूचना देत होते, लाल बटण दाबा, दार ढकला. घरी येऊन सांगताना आव असा की जणू लढाईवरून आलेत. मी पोट धरून हसले. पुष्कळ दिवसांनी हसले.

दुकानात थोडा बदल झालाय. माझं टेबल काचेजवळून उचलून आत, इस्त्रीच्या टेबलामागे नेलंय. मालक म्हणाले, "ताई, तिथं ऊन फार येतं. तुमच्या हातांना ऊन सोसत नाही ना?" नाहीच सोसत, ते खोटं नाही. पण आदल्या दिवशी एक गृहस्थ कोट न्यायला आले होते. रफू बघून खूश झाले, कुठे भोक होतं ते सापडत नव्हतं त्यांना. मग त्यांचं लक्ष माझ्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे गेलं. कोट जरा लांब धरून त्यांनी मालकांना हळूच विचारलं, "याची लागण होत नाही ना?" आणि आपले मालक, भला माणूस बिचारा, घाईघाईनं म्हणतात कसे, "छे छे, त्या हात स्वच्छ धुऊनच कामाला बसतात." त्यांना माझी बाजू घ्यायची होती. मी मान खाली घालून सुई ओवत बसले. ती आधीच ओवलेली होती.

आत बसायला माझी ना नाही. फक्त उजेडाची पंचाईत आहे. रफूचा धागा शक्यतो त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून काढायचा असतो, म्हणजे रंगाची काळजी नाही. पण कधी आत धागा निघण्याजोगं कापडच नसतं, मग डबीतून जुळवून घ्यावा लागतो. ट्यूबच्या उजेडात गडद निळा आणि काळा सारखेच दिसतात. गेल्या आठवड्यात एका निळ्या बाहीवर मी काळा धागा घातला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उसवून पुन्हा केलं, कुणाला कळलं नाही, पण माझं मन खट्टू झालं ते झालंच.

आता तुझ्या त्या मुद्द्याकडे वळते. तो टाळला तर तू पुढच्या पत्रात माझं डोकं खाशील. तू लिहितेस, "आपण दोघी एकाच साच्यातून निघालेल्या. माझ्या मांडीवरची पातळ पट्टी काढून तुझ्या तोंडाशेजारी लावली तर तुझं शरीर तिला परकी म्हणणार नाही. मी वाचलंय सगळं. रजा टाकते आणि येते." अगं, कातडी म्हणजे काय ओढणी आहे, तुझी मी घेतली आणि माझी तू? डॉक्टरीणबाईंना विचारलं. नको म्हणाल्या. कारणं सांगत बसत नाही, मोठी गोष्ट आहे. तू येऊ नकोस. म्हणजे ये, पण त्यासाठी नको. आणि एवढ्यात नको, उन्हाळा सरू दे.

आणखी एक. तू गमतीनं लिहिलंस की भट्टीच्या चटक्यांनी तुझे हात आधीच ठिपक्याठिपक्यांचे झालेत, त्यात एक पट्टी गेली तर कुणाला कळणार. सहज विचारते, तो डाव्या मनगटावरचा चटका कधीचा? डाग तेवढाच राहिलाय की कडेनं वाढलाय? त्यावर लव असेल तर ती काळीच आहे ना? उगाच विचारतेय. तू पावाच्या लाद्या किती भाजल्या ते सविस्तर लिहितेस आणि स्वतःबद्दल काही लिहीत नाहीस, म्हणून.

भट्टीशी लांब हातमोजे घालत जा. उत्तर लवकर लिही.

तुझी,
थोरली (सात मिनिटांनी का असेना)


६ मार्च

प्रिय धाकटे,

पत्र पोचलं. तिकीट काढलंस तेही कळलं. मी नको म्हटलं की तू हमखास ते करतेस, हे माझ्या लक्षात राहायला हवं होतं.

पत्र दुपारी आलं. वाचलं, घडी घातली, आणि कपाट आवरायला घेतलं. मग कपाटातली भांडी पुन्हा घासली. हे घरी आले तर सगळी भांडी जमिनीवर आणि मी मध्ये बसलेली. "काय हरवलं?" म्हणाले. मी तुझं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग माझ्याशेजारी बसून भांडी कपाटात लावायला लागले.

तू किती मजेत लिहिलंयस. "लव पांढरी झालीय गं, म्हातारी झाले मी! आणि उजव्या हाताला घड्याळाच्या पट्ट्याखालीही तसंच फिकट झालंय, तिथं तर चटकाही बसला नाही. साबण बदलायला हवा." धाकटे, साबण नको बदलूस. घड्याळ काढून ठेव आधी. आजच काढ.

मी नीट लिहायचा प्रयत्न करते, पण आधी मला तुला दुसरंच काही सांगायला हवं. नाहीतर स्टेशनवर उतरून तू मला शोधत राहशील आणि मी तुझ्यासमोर उभी असेन.

आई गेली तेव्हा तू मला शेवटचं पाहिलंस. तेव्हा बोटांची टोकं आणि ओठांच्या कडा, इतकंच होतं. त्यानंतर फोनवर चेहरा दाखवायची वेळ आली की माझा कॅमेरा बिघडायचा. तो कधीच बिघडला नव्हता. तू "तोंडाशेजारी एक पट्टी" म्हणतेस, ते माझ्यामुळेच. मी तुला तेवढंच सांगितलं होतं. आता माझा चेहरा जवळजवळ सगळा गेलाय. गळा, हात कोपराच्या वरपर्यंत, पाय. उजव्या गालावर रंगाचा एक तुकडा उरलाय आणि तो इतका विजोड दिसतो की लोकांना तोच डाग वाटतो. मध्यंतरी नवीन दुकानात चपला घ्यायला गेले, तर तिथला माणूस माझ्याशी अगदी सावकाश आणि मोठमोठ्यानं बोलायला लागला. हातवारे करून. त्याला वाटलं मी कुठल्या लांबच्या देशातून आलेय आणि मला भाषा येत नाही. मी त्याला आपल्या भाषेत असं सुनावलं की त्यानं किंमत कमी केली. घरी येऊन ह्यांना सांगितलं तेव्हा आम्ही दोघं हसलो. मग मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. हे बाहेर उभे होते, त्यांना ऐकू येत होतं. दारावर टकटक करून म्हणाले, "पाणी संपेल गं."

हे म्हणतात, "मला काही दिसतच नाही." चांगल्या मनानं म्हणतात, पण मला राग येतो. दिसत नाही कसं? मला दिसतं, चपलावाल्याला दिसतं, आणि ज्यानं रोज बघायचं त्याला दिसत नाही.

आता तुझ्या पट्टीचं. डॉक्टरीणबाई का नको म्हणाल्या ते मी टाळलं, कारण ते लिहिलं असतं तर तू स्वतःचा हात उलटसुलट करून बघितला असतास.

त्यांनी मला समजावलंय ते असं. कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी असतात. आपल्या शरीराचे पहारेकरी कधीतरी त्यांनाच चोर समजतात आणि मारत सुटतात. का, ते कुणाला नीट माहीत नाही. काही घराण्यांत ते जास्त असतं, पण घराण्यात नसतानाही होतं. दुधावर आंबट खाल्ल्यानं होत नाही, कुणाला शिवल्यानं होत नाही, पापानं तर नाहीच. महारोगाशी त्याचं काही नातं नाही. ते दुखत नाही, खाजतही नाही फारसं, माणूस त्यानं मरत नाही. "मग करतं तरी काय?" असं मी त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "ते तुम्ही मला सांगा."

मलमं झाली, गोळ्या झाल्या. मग कपाटाएवढ्या पेटीत चष्मा लावून उभं राहायचं, आत दिवे लागतात. पहिल्यांदा आजूबाजूची चांगली कातडी काळवंडली आणि डाग आणखीच उठून दिसायला लागले. मी म्हटलं, वा, पैसे देऊन हे. पण पुढे खरंच लवेच्या मुळाशी तपकिरी ठिपके उगवले. बारीक, मोहरीएवढे. मी दुकानातला भिंगाचा दिवा घरी आणून ते बघायची. ह्यांना बोलावून दाखवायची. ते ठिपके एकमेकांना मिळतील, सगळं भरून येईल असं वाटत होतं. मग पुन्हा पसरायला लागलं आणि ठिपकेही गेले.

त्यानंतर बाईंनी कातडी लावून बघितली. माझीच मांडीवरची काढून माझ्याच हातांवर. मला ते लगेच पटलं. मी तरी दुसरं काय करते? आतल्या शिवणीतला धागा काढायचा आणि दिसणाऱ्या भोकावर विणायचा. हातांवर ती कातडी धरली, रंग आला. मी तुला तेव्हा फोन करून दुकानातली एक लांबलचक गोष्ट सांगितली होती, मालकांच्या मांजराची, आठवतं? ती गोष्ट सांगायला फोन केलाच नव्हता. मला हे सांगायचं होतं आणि दृष्ट लागेल म्हणून सांगितलं नाही. आपण अशा गोष्टींना कधी मानत नाही, तरी.

ते टिकलं नाही. हातांवरचं गेलं, आणि जिथून कातडी काढली होती ती मांडीवरची जागाही पांढरी झाली. बाई म्हणाल्या, हा आजार जागा असला की जिथं कापलं, भाजलं, घासलं तिथं तो येऊन बसतो. कापडात असं होत नाही गं. कापडातून धागा काढला तर शिवण तेवढी सैल होते, सगळा ताका उसवत नाही.

म्हणून तुझी कातडी नको. माझ्या अंगानं ती आपली म्हटली तरी माझे पहारेकरी तिलाही सोडणार नाहीत. आणि बाईंनी मला पहिल्या भेटीतच विचारलं होतं, "जुळी बहीण आहे ना? तिच्या अंगावर कुठे?" मी ताठ मानेनं म्हटलं, नाही. अजिबात नाही. त्या म्हणाल्या, सारख्या दिसणाऱ्या जुळ्यांमध्येही दुसरीला होतंच असं नाही, बहुतेक वेळा होत नाही. हे वाक्य मी उराशी धरून होते. माझं गेलं तरी तो चेहरा कुठेतरी आहे, ओव्हनसमोर घामाघूम होऊन कुणावर तरी ओरडतोय, असं मी मनाला सांगायची. आरशात बघवलं नाही की तुझा फोटो काढून बघायची. तू विचारायचीस ना, सारखे फोटो कशाला मागतेस? त्यासाठी.

आणि आता तुझ्या मनगटावर चटका आणि घड्याळाचा पट्टा.

एक लिहू की नको असा विचार करत होते, लिहिते. "लव पांढरी झालीय" हे वाचलं तेव्हा सगळ्यात आधी मला भीती वाटली नाही. बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. मनात आलं, चला, आता एकटी नाही मी. मग मी भांडी काढायला लागले. तू मला काय म्हणायचं ते म्हण. मी स्वतःला म्हणून झालेय.

कदाचित माझा अंदाज चुकेल. भाजल्याचाही पांढरा डाग राहतो, ते वेगळं असतं, आणि पट्ट्याखाली काही लागलंही असेल. मी डॉक्टर नाही. पण तू तिथल्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखव, या आठवड्यात. ओळखीच्या काकूंना नाही, औषधवाल्याला नाही. सुरुवातीला गाठलं तर पुष्कळांना गुण येतो, थांबतंही. मी बोटांची टोकं सुई टोचून टोचून झाली असतील म्हणत एक वर्ष घालवलं. तू भट्टीवर हात भाजून घेऊ नकोस, तिथं दुसऱ्या कुणाला उभं कर. घासू नकोस. कुणी काही उगाळून लावायला दिलं तर लावू नकोस, ते भाजतं आणि भाजलं की पुन्हा तेच. उन्हात बाह्या खाली घे. आणि घड्याळ काढलंस का?

बघ, मी किती ज्ञान पाजळतेय. यातलं एकही मला उपयोगी पडलं नाही.

तुझी,
थोरली


२ एप्रिल

प्रिय धाकटे,

तुझं पत्र आज आलं. तू इतकं छोटं पत्र आयुष्यात लिहिलं नव्हतंस. "दाखवलं. तेच आहे. दोन्ही हात, आणि पाठीवर एक, तो मला माहीतच नव्हता. थोरले, आता काय करायचं?"

मी दिवसभर या प्रश्नाचं उत्तर शोधतेय. दुकानात एका शालीला कसरीनं पाडलेली भोकं होती, ती भरत होते आणि मनात तुला उत्तर लिहीत होते. डॉक्टर काय म्हणतील ते लिहावं, की धीर दे असं लिहावं, की देव आहे असं लिहावं. सगळं लिहून झालं मनात आणि सगळं पोकळ वाटलं.

मला माहीत नाही, धाकटे. काय करायचं ते मला माहीत नाही. मला माहीत असतं तर मी केलं नसतं का? तुझं थांबेल की वाढेल हे तुझ्या डॉक्टरांनाही माहीत नसणार. मलम लाव, दिव्यांच्या पेटीत उभी राहा, आणि रोज सकाळी उठून हात बघू नकोस. मला माहीत आहे, तू बघशील.

तुझं तिकीट रद्द करू नकोस. देण्यासाठी नको, नुसती ये. मी मालकांना सांगितलंय की माझं टेबल परत काचेपाशी ठेवा, मला आत धागा दिसत नाही. पडदा मी शिवते, उन्हाचं मी बघते, म्हटलं. ते "लोक..." म्हणाले. मग त्यांनी स्वतःच टेबलाचं एक टोक धरलं. तेव्हा तू आलीस की मी काचेत बसलेली असेन, रस्त्यावरून दिसेन. तरी ओळखलं नाहीस तर कानामागे बघ. हे म्हणतात तिथला रंग अजून गेलेला नाही. मला ती जागा दिसत नाही, पण या एका बाबतीत मी त्यांच्यावर विश्वास ठेवलाय.

आपल्या दोघींत गोंधळ व्हायचा म्हणून आई आधी आलेलीच्या कानामागे शाईचा ठिपका लावायची, तिथेच. आंघोळीत तो जायचा आणि ती परत लावायची. त्यावरून तू मला जन्मभर छळलंस. म्हणायचीस, आंघोळीनंतर कधीतरी आईची गफलत झाली असणार, ठिपका भलतीलाच लागला असणार, खरी थोरली मीच आणि तू फुकटचा मान घेतेयस. मला ते कधीच खोडून काढता आलं नाही. आईलाही नाही. ती नुसती हसायची.

आता मला पुरावा मिळालाय. हे माझ्याकडे आधी आलं. तू ज्या रस्त्यानं आता चालशील तो मी चालून बसलेय, त्यातले खड्डे मला पाठ आहेत, आणि तुझं बोट धरून त्यातून तुला बाहेर काढणं काही मला जमणार नाही. पण तू येशील तिथं मी आधीच असेन, एवढं खरं. यापुढे वाद घालायचा नाही.

वाट बघतेय,

तुझी थोरली. मीच.